जिनिव्हा वकील

टेबलावर दोन बोटं आपटायची आणि म्हणायचं, "कलम हाय." चहा थंड आला तरी हेच. लातूरच्या कोर्टात लिंबाखाली आमच्या साहेबांचं टेबल होतं आणि मी त्यांची ज्युनिअर. पोट भरायचं ते वाटण्यांवर आणि बांधाच्या भांडणांवर. जीव मात्र सगळा युद्धाच्या कायद्यात. कैद्याला मारायचं नाही, दवाखान्यावर बॉम्ब टाकायचा नाही, मेलेल्याची विटंबना करायची नाही. हे करार जिनिव्हाचे, म्हणून आमच्या बाररूमनं त्यांना 'जिनिव्हा वकील' करून टाकलं. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला गाव हसतं आणि त्याला पत्ता नसतो. यांना पत्ता होता.

लॉ कॉलेजात आठवड्याला एक तास घ्यायचे. पोरं टवाळ. विचारायची, सर, लातूरवर कोण चाल करून येतंय?

"येत कुणीच न्हाई. लातूरची पोरं जातेत की लढाईला," ते म्हणायचे.

कँटीनच्या टीव्हीवर कुठली तरी पडलेली शाळा दिसली की आम्ही मुद्दाम म्हणायचो, साहेब, कलम? दोन बोटं आपटायची, कलम यायचं. मग कुणीतरी म्हणायचंच, पाळतंय कोण?

"चोऱ्या थांबल्या न्हाईत म्हणून चोरीचं कलम खोडता का रे?" असं म्हणून ते त्याच्याच बशीतलं भजं उचलायचे.

अशात निलंग्याच्या पुढून एक म्हातारी आली, सगळे तिला अव्वा म्हणायचे. तिचा एकुलता एक बसवराज. ड्रायव्हरची नोकरी म्हणून एजंटानं परदेशी नेला, तिथं अंगावर वर्दी चढवली आणि थेट लढाईवर धाडला. समोरच्यांनी पकडला. अव्वाच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ होता. दाढी वाढलेली, आपल्या गावाचं नाव सांगत होता. साहेबांनी तो कितीदा तरी पाहिला. जिथं म्हणून दार दिसलं तिथं अर्ज केले. शेवटी दिल्लीहून कळलं, बसवराज तिकडच्या छावणीत आजारानं गेला. देह आणता येणार नाही.

अव्वानं मोबाइल पदराच्या गाठीत बांधला. मग म्हणाली, "आमच्यात जाळत न्हाईत, सायब. लेकराला तितंच मातीत बसवा म्हनावं. तिथली मूठभर माती तेवढी आनून द्या, बापाशेजारी ठिवते." लिंगायतांत मेलेल्याला खड्ड्यात बसवतात, हातात इष्टलिंग देतात, विभूती लावतात. पोरगं हातचं गेलं होतं. आता एवढं एकच राहिलं होतं तिचं.

दोन बोटं आपटली. "कलम हाय, अव्वा. कैदी मेला तर त्याच्या धर्माच्या रीतीनंच त्याला निरोप द्यायचा. त्यांना द्यावाच लागतोय."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. धर्म हिंदू, जात लिंगायत, अंत्यविधी धर्माप्रमाणे व्हावा. सगळ्या बाररूमनं वाचला, कुणालाच काही कमी वाटलं नाही. 'पुरा, जाळू नका' असं आमच्याकडं लिहितंय कोण? लिंगायत म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं.

यावेळी उत्तर आलं आणि त्याबरोबर एक डबा. मृताच्या धर्माचा मान राखून, हिंदू रीतीप्रमाणे, दहन केलं आहे. साहेबांनी ते उभ्यानं दोनदा वाचलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं कलम कुणीतरी पाळलं होतं.

आम्ही दोघं डबा घेऊन गेलो. शेतात बापाच्या समाधीशेजारी अव्वानं लहानसा खड्डा करून घेतला होता, आत कोनाडा काढलेला. विधी करणारा जंगम बेलाची पानं घेऊन उभा होता. अव्वानं डबा पदरात घेतला, गालाला लावला.

"त्यात माती न्हाई, अव्वा," साहेब म्हणाले. मग काय झालं ते त्यांनीच सांगितलं, काहीही न लपवता.

तिनं झाकण उघडून आत पाहिलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राखंला कसं बसवू, सायब?" एवढंच विचारलं.

त्यांची दोन बोटं वर आली. समोर टेबल नव्हतं. हात तसाच खाली गेला.

त्यानंतरही ते कोर्टात यायचे, वाटण्या चालवायचे. कँटीनमध्ये टीव्ही लागला की पाठ करून बसायचे, आणि आमच्यापैकी कुणाचीच मस्करी करायची छाती झाली नाही. मला त्यांची फार दया यायची आणि ती दाखवायची सोय नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

कॉलेजातला त्यांचा तास आता माझ्याकडं आहे. परवा मेलेल्या कैद्यांचं कलम शिकवत होते, तर मागच्या बाकावरची मुलगी हसत म्हणाली, "मॅडम, हे कुणी पाळतं तरी का?"

"एकदा पाळलं होतं," मी म्हणाले.

"कुठं?"

मला अव्वाच्या पदरातला डबा दिसला. मी फळा पुसायला लागले.