बार्लाच्या स्कीचा माग

एकतीस वर्षं बार्ला रोज सकाळी बर्फात खड्डा खणत आली होती. खड्ड्याच्या भिंतीतले थर बघायचे आणि डोंगरावरचा बर्फ धरून राहील की खाली येईल ते हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या कचेरीला फोनवर कळवायचं, हे तिचं काम. खड्डा न बघता उतारावर जाणाऱ्याची ती चारचौघांत अशी खरडपट्टी काढायची, की गावातले भलेभले तिला टरकून असत.

त्या सकाळी तिच्या मुलाचं, फ्लुरिनचं लग्न होतं. त्यांच्या सुरवाल गावची रीत अशी, की नवरदेवाकडच्यांनी स्कीवरून खिंड ओलांडून नवरीच्या गावी जायचं. बसनं गेलेला नवरदेव म्हातारपणापर्यंत टोमणे खातो. चौदा वऱ्हाडी नटूनथटून खिंडीखाली आले, तर बार्ला छातीभर खड्ड्यात उभी!

"आज बसनं जायचं," ती म्हणाली. "वरचा थर जड आहे आणि त्याच्याखाली नुसती साखर, सुटा भुसभुशीत बर्फ."

"आई, आजच्या दिवशी तरी नको गं!" फ्लुरिन रडकुंडीला आला.

तिचा दीर प्लाची हसला. "वहिनी, तो बघा कालचा माग! कोणीतरी गेलंय की सुखरूप."

झालं, मंडळी स्की बांधायला लागली. कालचा माग दिसला की सुरवालच्या माणसाला वाटतं, डोंगरानंच परवानगी दिली.

बार्लाचा चेहरा लालबुंद झाला. तो माग तिचाच होता. काल विहीणबाईंकडे अक्रोडाचा केक पोचवायच्या उत्साहात ती खड्डा न खणताच गेली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! हे सांगितलं तर उद्यापासून तिचं कोण ऐकणार? पण समोर चौदा जीव होते, त्यांत एक पोटचा.

"तो माग माझा आहे. काल मी खड्डा खणलाच नव्हता. मूर्खपणा केला मी."

मग प्लाची ओरडला, "म्हणजे खुद्द वहिनी गेल्या? चला रे, बिनघोर चला!"

बार्लानं कपाळावर हात मारला. मग खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचा एक खांब कापून सुटा केला, माथ्यावर फावडं ठेवलं आणि प्लाचीला खाली ओढलं. "फावड्यावर नुसत्या मनगटाच्या जोरानं मारा. हळू. मोठ्यानं मोजा."

"एक... दोन... तीन... चा—"

खांबाचा वरचा अख्खा तुकडा त्या साखरेवरून सुटून प्लाचीच्या नव्याकोऱ्या पँटवर आदळला. काल याच बर्फावरून आपण केक घेऊन गाणं म्हणत गेलो, हे बार्लाला आठवलं. प्लाचीनं मुकाट्यानं स्की सोडल्या.

टपालाबरोबर माणसंही नेणाऱ्या पोस्टाच्या पिवळ्या बसनं वळसा घालून वऱ्हाड अडीच तास उशिरा पोचलं. विहीणबाई फणफणत होत्या. नवरी आइतानं मात्र उशिराचं कारण ऐकलं आणि सासूला घट्ट मिठी मारली.

"केक फार छान होता, आई," ती कानात म्हणाली. "पण पुन्हा असा आणलात ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

एकतीस वर्षांत बार्लाला असं कोणी दटावलं नव्हतं. तिनं निमूटपणे मान हलवली, आणि तिला फार बरं वाटलं.