काकांची जीभ

“काका, बाटली खाली ठेवा. रसायन चाटतात का कुणी?” माझ्या गाइड मॅडम अशा ओरडल्या की जुईनगर स्टेशनावरची कबुतरं उडाली असावीत. आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस काका शांतपणे ओठ पुसत म्हणाले, “नुसता मीठ नाय. कडू पन हाय.”

काकांची उमर खाडीकाठच्या मिठागरात गेली. मिठागरं बुजली, वर टॉवर आले, आणि काका आमच्याकडे बाटल्या धुवायला लागले. जीभ अशी, की वाशीच्या खाडीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर घणसोलीत बसून त्यांना तहान लागे. मी पाहिलेलं नाही. पण सांगते तेव्हा कुणी हटकत नाही.

त्या बाटलीत माझी पीएचडी होती. अभ्रकाच्या तुकड्यावर मिठाचं पाणी ठेवायचं आणि त्यात यंत्राची एक सुई हळूहळू उतरवायची. अभ्रकाला टेकलेलं पाणी थर लावून बसतं, एकेक थर रेणूएवढा जाड. सुईला ते एकामागून एक लागतात. पाण्यात कुठला क्षार विरघळलाय, त्यावर थरांची बैठक बदलते. मला साध्या मिठात कुणालाच न दिसलेले थर दिसत होते. दोन वर्षं दिसत होते. मनातल्या मनात मी हारतुरेही घेऊन बसले होते.

“मीठ काढला का मागं कडू पानी रेतं,” काका म्हणाले, “त्याचीच चव हाय ही, पोरी.”

कडू म्हणजे मॅग्नेशियम. ते पाण्याला घट्ट धरतं, थर वेगळेच बसतात. चमचा माझाच, मॅग्नेशियमच्या बरणीतून निघून न धुता मिठाच्या बरणीत गेलेला. सगळे आलेख गेले. मला रडूही आलं नाही. काकांनी चहा आणून दिला. त्यात साखर होती की नाही, आठवत नाही.

पुन्हा पहिल्यापासून केलं. काका तोवर निवृत्त झाले. प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी नव्या मिठाचं पाणी डबीत घेऊन मी घणसोली गावात त्यांच्या घरी गेले. यंत्राने होकार दिला होता, पण मला काकांचा हवा होता. वाटेत मीही बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं झालं इतकं खारट.

काका मोठ्या तापातून नुकते उठले होते. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. भिंतीकडे बघत राहिले. परत बुडवलं.

“कडू लागतंय का, काका?”

“पानी हाय,” ते म्हणाले. “नुसता पानी.”