शिवशरणमास्तरांनी पाहिलेलं सेरामपूर

सोलापुरातल्या एका मिशन शाळेत शिवशरणमास्तर मोडी शिकवायचे. अक्षर देखणं, जीभ तिखट. १९३३ च्या थंडीत शाळेच्या मिसबाई त्यांना म्हणाल्या, "मास्तर, बंगालला चला." हुगळीकाठच्या सेरामपुरात, बाप्तिस्त मिशनच्या केरीसाहेबाच्या छापखान्यात, शंभर वर्षांपूर्वी मोडीत मराठी पुस्तकं छापली होती. बाईंना ती उतरवून घ्यायची होती; त्यांना मराठी यायची, पण मोडी वाचता यायची नाही.

"वाचायला एवढ्या लांब? हितं काय कागद कमी आहेत?" असं म्हणत मास्तर निघाले. बायकोनं, महानंदानं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

कुर्डुवाडी, मनमाड, नागपूर करत गाडी एकदाची पोचली. मास्तरांनी आधी नदी पाहिली. "पाणी लई, पण रंग बघा की! आमच्या म्हशी तळ्यात बसतात ते पाणी बरं."

जेवणात मोहरीच्या तेलाचा वास आला की ते नाकाला उपरणं लावत. गोड दही समोर आलं तेव्हा वाटी सरकवून म्हणाले, "हे आजाऱ्याला द्या." संदेश नावाची छेन्याची मिठाई म्हणजे त्यांच्या मते दातांचा अपमान. आठ दिवस त्यांनी भाकरीच मोडून खाल्ली.

केरीसाहेबाच्या कबरीपाशी बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. मास्तर तोवर कबरीवरचं गवत कुणी काढत नाही म्हणून कुरकुरत होते. रविवारी एका प्रार्थनामंदिरात हौदात बाप्तिस्मा होता. एका तरुण माणसाला पाद्र्यांनी अख्खं पाण्यात बुडवलं. मंदिराबाहेर पडताच मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्यात चार थेंब शिंपडतात, ह्यांच्यात माणूस बुचकळतात. आधी तुमचं तुमच्यात ठरवा, मग आमच्या गल्लीत सांगायला या."

बाईंचा चेहरा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी पुस्तक आणून ठेवलं. मास्तरांनी दोन ओळी वाचल्या आणि खो खो हसले. "ही मराठी? आमच्या वर्गातलं सगळ्यांत मठ्ठ पोर बरं लिहील!"

गृहस्थांना शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि इंग्रजीत काही सांगितलं. बाईंनी ते मराठीत सांगितलं, "ही अक्षरं छापायचे खिळे इथल्या लोहारांनी कोरले. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. जे कोरलं ते त्यांना कधी वाचता आलं नाही."

मास्तरांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मोडी लिहायची ती हात न उचलता. इथं एकेक अक्षर सुटं ओतलेलं, तरी वळण चुकलेलं नव्हतं. ते बराच वेळ चूक शोधत बसले. मग पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचू लागले. चार दिवस ते वाचत गेले आणि बाई लिहून घेत गेल्या.

निघायच्या दिवशी ते एकटेच लोहारांची आळी विचारत हिंडून आले. तिथं आता बाटल्यांचं दुकान होतं.

"काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"बघण्यासारखं काही नाही."

सोलापुरात महानंदानंही तेच विचारलं. "नदी गढूळ, जेवण गोड," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "लोहार मात्र बरे होते."

दोन वर्षांनी शाळेनं मोडीचा वर्ग बंद केला. निरोपाच्या सभेत हार गळ्यात पडायच्या आत मास्तर उठून गेले. पुढं अक्कलकोटच्या कचेरीबाहेर बसून ते लोकांना जुने दस्त वाचून देत, आणि वाईट अक्षर दिसलं की लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.