मोकळा होशील

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नावं विसरलो, गावंही विसरलो. हे एक मात्र डोक्यातून गेलं नाही. जावं असं फार वाटलं, तरी गेलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या काही वर्षं आधी मी शिरपूरला फौजदार होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीतला एक तरुण भिल्ल शेतकरी अनेर नदीत मेलेला सापडला. तीन दिवसांचं प्रेत होतं. डोक्याला मागून मार होता. दगडावर आपटला असेल, असं पंच म्हणाले आणि मीही तेच लिहून घेतलं. वास सहन होत नव्हता आणि परतायची घाई होती. त्याची म्हातारी आई बाजूला बसून होती. तिला मी दोन प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाला.

दोन वर्षांनी एका दुपारी त्या गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. मी दैनंदिनी लिहीत होतो. टोपी हातात धरून तो हळूच म्हणाला, "साहेब, तो पान्यात बुडेल नव्हता. त्याले मारेल व्हता."

"कुणी सांगितलं?"

"मारनारानीच. बठ्ठा लोकेस समोर."

त्या भागात तेव्हा एक लहानसं मिशन होतं. एक कौलारू प्रार्थनाघर, औषधांची खोली आणि पंधरा-वीस ख्रिस्ती झालेली घरं. त्यांतलाच एक तिशीचा माणूस रविवारी प्रार्थना चालू असताना उभा राहिला, रडला आणि म्हणाला, या समोर बसलेल्या म्हातारीच्या मुलाला मीच मारलं. म्हातारीही ख्रिस्ती झालेली होती. तो तिच्या पायांवर पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी वरिष्ठांना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: दोन वर्षांपूर्वीचा पंचनामा कुणी केला होता? उत्तर त्यांना ठाऊक होतं. हा गुन्हा शाबीत झाला नाही, तर माझ्या नावापुढे काय लिहिलं जाणार, तेही मला कळलं.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. प्रार्थनेला हजर असलेल्यांपैकी एकालाही काही आठवेना. म्हातारी आपल्या झोपडीपुढे बसली होती. मी म्हणालो, "माय, त्यानंच मारलं ना तुझ्या मुलाला?"

ती म्हणाली, "मना एकच पोऱ्या व्हता. तुम्ही त्या दिन उनात, दखं, आनि चालना गयात. यानी मना पायवर डोकं ठेवं. मी त्याले माफ करं."

त्या दिवशी आलो, पाहिलं आणि निघून गेलो, हे खरंच होतं. मी म्हणालो, "पण सरकारनं माफ केलेलं नाही."

"मंग सरकारले सांगा, म्हतारीनी करं म्हनीसन."

मिशनमध्ये नगरकडून आलेले एक उपदेशक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. साधे, बारीक अंगाचे, चष्मा लावणारे. मी त्यांना साक्षीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "रावसाहेब, तो देवाशी बोलत होता. मी ते कोर्टात सांगणार नाही. मला अटक करायची तर करा."

"तुम्ही त्याला शिकवलंत तरी काय?"

"एवढंच, की शेवटी प्रत्येकाला न्यायासनापुढे उभं राहायचं आहे. पाप झाकून ठेवलं तर तिथं ते उघडं पडेल. आज पश्चात्ताप करून कबूल केलं तर देव क्षमा करतो." मग ते म्हणाले, "रावसाहेब, एक विनंती आहे. देवाची क्षमा वेगळी आणि सरकारची शिक्षा वेगळी, हे त्याला अजून नीट उमगलेलं नाही. तो नवा आहे. तुम्ही त्याला ते समजावून सांगा."

मी हो म्हणालो.

त्याला बोलावणं पाठवलं, तर तो स्वतःच चालत ठाण्यात आला. दोन दिवस गुन्ह्याबद्दल काही सांगेना. हात उगारायची वेळ आली नाही, कारण त्याच्यात भीती दिसत नव्हती, आणि न घाबरणाऱ्याला मारून काही निघत नाही हे मी शिकलेलो होतो. तो एवढंच म्हणे, "मी देवले सांगी टाकं, साहेब." जेवण दिलं की आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटे, मग खाई. हवालदार चेष्टा करी. मी चेष्टा केली नाही. मी पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आटोपल्यावर मी त्याला कोठडीतून बाहेर काढलं, व्हरांड्यात बसवलं, विडी दिली. त्यानं ती घेतली नाही.

"देवापुढे कबूल केलंस," मी म्हणालो, "तेव्हा कसं वाटलं?"

"हलकं वाटनं."

"मग सरकारपुढेही कबूल कर. मोकळा होशील."

त्यानं वर पाहिलं. "मोकळा?"

"हो. मोकळा."

तो कुठल्या अर्थानं विचारतो आहे, ते मला स्वच्छ कळलं होतं. मी आणखी एक शब्दही बोललो नाही.

त्या दुपारी त्यानं सगळं सांगितलं. याचा बैल म्हातारीच्या मुलाच्या ज्वारीत शिरला, शिवीगाळ झाली, हातात कुऱ्हाड होती, तिची उलटी बाजू डोक्यात बसली. मग घाबरून प्रेत नदीत लोटलं. बांधावरच्या पळसाखाली पुरलेली कुऱ्हाड त्यानं पंचांसमक्ष स्वतः उकरून दिली.

मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीजबाब झाला. कायद्याप्रमाणे त्याला सगळं वाचून दाखवलं: तुझ्यावर सक्ती नाही, हा जबाब तुझ्याविरुद्ध वापरला जाईल. त्यानं मान डोलावली. पोलिसांनी काही आमिष दाखवलं का, असं विचारलं. आमिष हा शब्द त्याला कळलाच नसावा. "नही," तो म्हणाला.

धुळ्याच्या सेशन्स कोर्टात जन्मठेप झाली. स्वतःहून कबुली दिली म्हणून फाशी टळली, असं जज्जसाहेबांनी निकालात म्हटलं. निकाल इंग्रजीत होता. पोलीस त्याला पिंजऱ्यातून बाहेर आणू लागले, तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला,

"साहेब, आते मी घर जाऊ?"

शिपायानं त्याला पुढे ढकललं. कोर्टाच्या आवारात म्हातारी कडुनिंबाखाली बसली होती. त्याला गाडीत घालताना पाहून ती उठली. "देवनी माफ करं, मी माफ करं," ती म्हणाली, "तुमनं काय जात व्हतं, साहेब?"

वरिष्ठांकडून शाबासकीचं पत्र आलं. जुन्या पंचनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पंधरा दिवस नीट झोप लागली नाही. अपिलाची मुदत अजून होती. एका कामासाठी धुळ्याला गेलो, तेव्हा तुरुंगात जाऊन त्याला भेटलो. त्याचे केस कापले होते. शिक्षा जन्मभराची आहे, हे एव्हाना त्याला कळलेलं होतं.

मी म्हणालो, "मी तुला फसवलं. मोकळा म्हणजे तू काय समजलास ते मला माहीत होतं. मुद्दाम गप्प राहिलो."

त्यानं गज धरले. मग त्यानं विचारलं, "हाई तुम्ही जज्जसाहेबले सांगं का?"

"नाही."

"सांगशात का?"

मी खाली पाहिलं. सांगितलं असतं, तर कदाचित कबुलीजबाब रद्द झाला असता. माझी नोकरी नक्की गेली असती. घरात लग्नाच्या दोन मुली होत्या.

"मंग माले काबरं सांगतस?" तो म्हणाला, आणि आत वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी त्याला हे का सांगतो आहे, ते खरोखरच त्याला कळलं नव्हतं.

महिनाभरात त्याला पुण्याकडच्या मोठ्या तुरुंगात हलवलं. त्याचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. विचारणं अवघड नव्हतं.

त्यानंतर कुठल्याही आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याआधी मी त्याच्याच बोलीत सांगत असे, की बोललास तर शिक्षा होईल, कुणी सोडणार नाही. काहींनी माघार घेतली. मी तपासलेले गुन्हे शाबीत होण्याचं प्रमाण घटलं आणि त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली. पण त्यामुळे त्या माणसाचं काही भलं झालं नाही.

मी देवधर्म फारसा न करणारा माणूस. शेवटी न्यायासन असतं की नसतं, ते मला ठाऊक नाही. कबुली म्हणजे काय, एवढं मात्र त्या माणसाकडून समजलं. तो भरल्या प्रार्थनाघरात, ज्या बाईचा मुलगा मारला तिच्या समोर उभा राहून बोलला. मी गजांआडच्या अशा माणसापाशी बोललो, ज्याचं कुणी ऐकणार नव्हतं.

आता पेन्शनवर आहे. हे सगळं प्रथमच लिहितो आहे. कुणाचं नाव घातलेलं नाही. माझंही नाही.