ताकदीची सुई

मला मूल नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी पाळणा हलेल या आशेवर कोणी वाचत बसायला नको. का नाही, ते मला सांगायचं आहे. सुरतेतल्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल, तिच्यातच काहीतरी खोट आहे. मी त्याच गल्लीत राहते, त्याच नळावर पाणी भरते, त्यामुळे ते उत्तर मला पाठ आहे. आता जरा माझंही ऐका.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. एवढी तरी मोकळीक घेऊ द्या.

तो पॉवरलूमच्या कारखान्यात माग चालवतो. आम्ही दोघंही खानदेशातले, तो शिरपूरकडचा, मी पारोळ्याकडची. मागावरचं काम बारा तासांचं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. शरीराला एकदा सवय लागते न लागते तोच पाळी बदलते. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी घरी यायचा तेव्हा डोळे लाल असायचे, केसांत सुताचा भुसा, आणि मी काही बोलले तर 'काय? काय?' करायचा, कारण कानात अजून माग खडखडत असायचे. मग झोपायचा म्हणे! वरचा पत्रा तापलेला, शेजारच्यांचा टीव्ही चालू, खाली भाजीवाला ओरडतोय. तो कूस बदलत पडायचा आणि मी भिंतीला टेकून मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसायचे. संध्याकाळ झाली की डबा घेऊन परत निघायचा. अशा माणसाला घरात बायको आहे हे आठवलं तरी पुष्कळ. लाजून काय करू, सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि सासूबाईंची कुरकुर सुरू झाली. त्यांचं आणि माझं तसं बरं होतं. भाकरी त्या थापायच्या, मी भाजायचे. पण गल्लीत कोणाचं बारसं असलं की घरी येऊन भांडी आपटायच्या. एकदा त्याला सरळ म्हणाल्या, "काही दवा ले रे भो, आंगमा ताकद नही ऱ्हायनी तुना." तो चिडला, पण गेला. मुख्य रस्त्यावर एका डॉक्टरचा दवाखाना होता, थकवा आणि पुरुषांचे आजार अशी पाटी लावलेला. कारखान्यातले बरेच जण तिथे जायचे.

डॉक्टर म्हणाला, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, टेस्टोस्टेरॉन बघू. आमच्या शहाण्याने काय करावं? रातपाळी सुटली तसा तो कारखान्यातून थेट लॅबमध्ये. रात्रभर उभा, डोळ्याला डोळा नाही, पोटात फक्त कारखान्याचा चहा, तोही पहाटेच्या आधीचा. सकाळ म्हणाले ना? ही घ्या सकाळ. घरी येऊन मला सांगतो, "बघ, एकाच फेरीत काम उरकलं, रजासुद्धा पडली नाही." मागावरच्या माणसाला सकाळ म्हणजे पाळी सुटण्याची वेळ, दुसरं काय माहीत असणार? त्याला विचारायला हवं होतं ते डॉक्टरने. त्याने विचारलं नाही. गोडादऱ्यात बसून मागवाल्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला रातपाळी म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर त्याने पाटी उतरवून घरी बसावं.

रिपोर्टमध्ये आकडा कमी आला. डॉक्टर हिंदीत म्हणाला, मर्दानी हार्मोन कम है, सुई लगानी पडेगी. याने विचारलं, "और बच्चा?" तर म्हणे, ताकद आएगी तो सब आएगा. पुन्हा एकदा रक्त बघू, झोप काढून या, बायकोलाही घेऊन या, तुमचं दुसरंही काही तपासू, यातलं एक अक्षर नाही. लगेच सुई. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक.

खोटं बोलणार नाही, पहिले काही महिने घरात दिवाळीच होती. तो शिट्टी वाजवत जिना चढायचा. भूक वाढली, दंड भरले, शर्टाची बटणं ताणली. रातपाळी करून आला तरी माझ्याशी हसून बोलायचा, आणि नुसतं बोलायचाच असं नाही. मला वाटलं, देवाने ऐकलं बाई! पाठीवर मोठाले फोड उठायचे, ते मी रात्री हळद लावून बसवायचे आणि मनात म्हणायचे, असू देत. कारखान्यातले त्याला पहेलवान म्हणायला लागले. सासूबाई तर हरखूनच गेल्या. शेजारणीला आपल्या पोराचं कौतुक सांगायच्या, "मन्हा आंडोर वाघ शे, वाघ!"

आणि तिथेच मी मेले. कारण वाघ घरात असून पाळणा हलत नाही म्हटल्यावर दोष कोणात? सरळ हिशोब आहे. तोवर निदान थोडं त्याच्यावर, थोडं माझ्यावर होतं. आता सगळं ओझं माझ्याच डोक्यावर आलं. मग माझी वरात निघाली. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, गोळ्या, सोनोग्राफी, गर्भनळ्यांचा फोटो. तो फोटो काढताना काय कळ येते ते काढणाऱ्याला विचारू नका, काढून घेणारीला विचारा. मी दात आवळून पडले होते आणि नर्स म्हणत होती, बेन, हलो नहीं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय निंघनं?" काहीच निघालं नव्हतं, सगळं ठीक होतं. त्यांचा विश्वास बसला नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कुठे माहीत होतं रेडा कोण.

प्रत्येक डॉक्टरीण म्हणायची, नवऱ्याची तपासणी करून आणा. तो फिस्कारायचा. "माझं काय तपासायचं? तुला दिसत नाही?" दिसत होतं ना. आणखीही एक दिसत होतं. वरून माणूस फुगत चालला होता आणि जिथे बाप होण्याचं सगळं काम चालतं तिथे तो लहान होत चालला होता. बायकोला हे कळतंच. पण असलं विचारायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडाने?

शेवटी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फाइलच मिटली. म्हणाल्या, "हवे तमारो कोई टेस्ट नहीं. आता तुमच्या मालकांना आणा, त्याशिवाय येऊ नका." बाई गुजराती, पण आमच्यासाठी मोडकं मराठी बोलायच्या. त्याला कसं नेलं ते माझं मला ठाऊक. रडले, जेवण सोडलं, माहेरी जाते म्हणाले. त्याची तपासणी झाली. वीर्यात शुक्रजंतू एकसुद्धा नव्हता. कमी नव्हे, नाहीच.

बाईंनी त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सुई लेता है क्या?" मग सगळं बाहेर आलं. रक्त कधी दिलं होतं, असंही त्यांनी विचारलं. रातपाळी सुटल्यावर, झोप न काढता, असं त्याने सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. हे हार्मोन झोपेत वाढतं, माणूस झोपून उठला की सगळ्यात जास्त असतं, म्हणून सकाळी बघायचं असतं. जो झोपलाच नाही त्याची कसली सकाळ? आणि एका रिपोर्टवर कोणी असं औषध सुरू करतं का? तुमचं मुळात कमी होतं की नव्हतं, हेही आता सांगता येत नाही, म्हणाल्या.

आणि मग त्यांनी समजावलं की सुईतलं हेच हार्मोन बाहेरून आलं की मेंदूला वाटतं अंगात भरपूर आहे, आणि तो खाली हुकूम पाठवणं बंद करतो. रक्तात हार्मोन भरपूर, पण अंडकोशात मात्र दुष्काळ, आणि शुक्रजंतू तर तिथेच तयार होतात. आम्हा दोघांना हे लगेच कळलं. बाहेरून कापडाचे तयार ताके यायला लागले की कारखान्याचा मालक माग बंद ठेवतो, त्यात काय एवढं. बाई म्हणाल्या, हे काही नवीन नाही, संशोधन करणाऱ्यांना कधीचं माहीत आहे. बाहेरच्या देशांत तर पुरुषांना मूल होऊ नये म्हणून हीच सुई देऊन पाहिली आहे, आणि बहुतेकांवर ती लागू पडली.

मी तिथेच मोठ्याने हसले. हसू आवरेना. माझे सोळा सोमवार, नळ्यांचा फोटो, सासूबाईंनी माझ्या दंडाला बांधलेले गंडे, हे सगळं चालू असताना आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी मूल न होण्याचं औषध टोचून घेत होतो! बाईंनी मला पाणी दिलं.

आशा होती. सुई बंद करा, दुसरं औषध देते, वर्ष लागेल, कदाचित जास्त, पुष्कळांचं परत येतं, असं त्या म्हणाल्या. घरी येताना गाडीवर तो एवढंच बोलला, "आईला सांगू नको. मी सांगेन, वेळ बघून." मी म्हटलं, बरं. वर्षाचाच तर प्रश्न होता.

सुई बंद झाली आणि माणूस मातीचा झाला. अंगात त्राण नाही, जेवणावर वासना नाही. दंड उतरले. मागाचा धागा तुटला तरी उभा राहून बघत बसतो, असं कारखान्यातून कळलं. मला जवळ येऊ देईना, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बाईंनी हे आधी सांगितलं होतं, काही महिने जड जातील, शरीराला स्वतःचं काम पुन्हा शिकावं लागतं. मी शेंगदाण्याचे लाडू केले, त्याचे पाय चेपून दिले, दिवसा खिडकीला गोधडी लावून अंधार केला. कोणी फटाका वाजवला तर खाली जाऊन भांडून आले. मधल्या तपासणीत थोडे जंतू दिसले. थोडेच, पण दिसले! त्या दिवशी मी रस्त्यातच त्याचा हात धरला.

आणि मग एका आठवड्यात तो पुन्हा शिट्टी वाजवत जिना चढला. मी धागे कापत होते, माझी कात्री थांबली. पुढच्या महिन्यात पाठीवर फोड आले. मी विचारलं नाही असं समजू नका. विचारलं. म्हणाला, "हो, घेतो. फक्त अंगात जोर येईपर्यंत." मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाईंच्या पुढच्या तपासणीला तो आला नाही.

श्रावण आला. खानदेशी माणूस सुरतेत असो की कुठेही, कानबाई देवी घरी बसतेच. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सवा सवा मूठ गहू काढायचे असतात, तान्हा मुलगा असला तरी त्याच्या नावाचे निघतात. बायकांच्या नावाचे निघत नाहीत. खालच्या अंगणात सगळे भाऊबंद जमले होते आणि सासूबाई गहू काढत होत्या. दिरांच्या नावाचे, त्यांच्या पोरांच्या नावाचे निघाले. मग माझ्या नवऱ्याच्या नावाचे काढले आणि त्यांचा हात थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "याना मांगे कोन्ही नही. वांझ कूसले कानबाई बी काय करी?"

तो तिथेच चौरंगाला केळीचे खांब बांधत होता. ऐकलं त्याने. सुतळी दाताने तोडली आणि दुसरी गाठ मारायला घेतली.

मी त्याला वर बोलावलं. म्हटलं, "तुमच्यासमोर मला वांझ म्हणतात, आणि तुम्ही गाठी मारता?" तो खाटेवर बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मूल नसलं तरी तू बाईच राहशील. सुई सोडली तर मी काय राहतो? पाहिलंस ना?"

"मला कोण बाई म्हणतंय?" मी ओरडले. "आत्ता खाली काय म्हणाल्या ते ऐकलं नाही? उठा. जा आणि आईला सांगा. आत्ताच्या आत्ता."

तो उठला. शर्ट घातला, केस नीट केले. मला खरंच वाटलं, चालला. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. तो अंगणातून आईच्या समोरून गेला, गाडीला किक मारली आणि मुख्य रस्त्याकडे वळला. सुईचा दिवस होता तो.

मी जिना उतरले. सासूबाई एकट्याच सुपात गहू निवडत होत्या, भाऊबंद पुढच्या दारी चहाला बसले होते. "कोठे गया तो?" त्यांनी विचारलं.

"सुई घ्यायला," मी म्हटलं. "मूल न होण्याची. खोट माझ्यात नाही, त्या सुईत आहे. विचारा तुमच्या वाघाला."

मला वाटलं, त्या किंचाळतील, सूप फेकतील, माझ्या आई-बापाचा उद्धार करतील. त्यांनी फक्त पुढच्या दाराकडे पाहिलं आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"हयू बोल," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "भाऊबंद आयकतीन. माले माहित शे. त्यानी कवयच सांगं माले." कधीचंच सांगितलं होतं त्याने.

आणि सुपातले अर्धे गहू त्यांनी निवडायला माझ्यासमोर ओतले.