पाठ केलेला तक्ता

आमच्या घरात शाळा शिकणारे आमी दोघंच भाऊ. बाप मेंढरं राखायचा. त्याचं एकच म्हणणं, "फेल झालात तर काठी घ्या अन् मेंढरांमागं चला." म्हणून मोमिनाबादच्या शाळेत, म्हंजी आताच्या अंबाजोगाईत, धाकट्याचं सगळं मीच घोकून घ्यायचो. त्याला फळा दिसायचा न्हाई. डोळे लाल, सारखं पाणी. आई म्हणायची, खुपऱ्या हायत, जातील.

एक दिवस मास्तर म्हणाले, "उद्या हैदराबादेहून डोळ्यांचे डाक्टरसाब येणार, पोरांचं इम्तिहान घेणार." इम्तिहान! म्हंजी परीक्षा, अन् फेल झालं की मेंढरं. मोठ्या उर्दू अक्षरांचा तक्ता आधीच भिंतीला टांगलेला व्हता. मी तो पाठ केला अन् ओढ्यावर बसून धाकट्याकडून घोटून घेतला. "तक्त्यावर काठी टक वाजली की पुढचं अक्षर म्हणायचं. थांबायचं न्हाई."

"दादा, मला दिसत न्हाई म्हणून सांगू का?"

"सांगून तर बघ, तंगडं मोडीन!"

केवढा शहाणा मी!

दुसऱ्या दिवशी पोरगं एका दमात म्हणून गेलं. डाक्टरांनी पाठ थोपटली, "शाब्बास!" बापानं गल्लीत गूळ वाटला. जे अडखळले ते लिंबाखाली बसले. आमी त्यांना वाकुल्या दाखवल्या. मग बघतो तर डाक्टर त्यांच्याच पापण्या उलटून औषध लावायलेत! त्याच घडीला मला सगळं कळलं. आठ दिवस डाक्टर तिथंच व्हते. मी तोंड उघडलं न्हाई. गूळ वाटून झालता की!

लिंबाखालच्या पोरांचे डोळे निवळले. दोन वर्षांत धाकट्याच्या दोन्ही बुबुळांवर फूल पडलं, दिसायचंच बंद झालं. दवाखान्यात नेलं तर म्हणाले, लई उशीर केलात. बाप मलाच म्हणाला, "कावून झालं रं असं? पास झालता न्हवं?" त्यो मरेस्तोवर मी त्याला सांगितलं न्हाई.

आता आमी दोघंबी म्हातारे. त्याला हात धरून मीच ओढ्यावर नेतो. त्यानं मला कधी बोल लावला न्हाई, अन् तेच मला जास्त जाळतं. परवा पाण्यात पाय सोडून बसलो व्हतो. तो एकदम म्हणला, "दादा, तो तक्ता केवढा व्हता रं? मला तर भिंतबी दिसली न्हवती."

मी दोन्ही हात पसरून दाखवले. मग ध्यानात आलं, अन् त्याचे हात धरून तेवढे पसरले.