बोटीवर ओकलं कोण

रायपूरच्या पंडरी बाजारात कापड विकणारा हा माणूस बोलताना समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळून पाहतो. आम्ही पाऱ्यातली, म्हणजे एकाच मोहल्ल्यातली मंडळी अंदमानला गेलो आणि बेटं पाहायला दिवसभराच्या बोटीत बसलो, तेव्हा त्यानं वाकून समुद्राचं पाणीही तसंच चोळलं. म्हणाला, "रंग पक्का आहे, काका. धुतला तरी जात नाही."

बोटीत माझे नवे व्याहीही होते. मला बोट कधीच लागत नाही, असं मी त्यांना सकाळीच ऐकवलं होतं. दुसऱ्या बेटाकडे निघताच लाटा वाढल्या आणि मी नेमका त्यांच्याच पिशवीवर ओकलो. कोणी वळून बघायच्या आत या माणसानं पिशवी उचलली. "माफ करा, माझ्याच्यानं झालं," म्हणत धुऊनही टाकली. मी गप्प बसलो. वर रायपूरला परतल्यावर चार वर्षं त्याच्या ओकण्याची नक्कल करून लोकांना हसवलं. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

पंचाहत्तरी उलटली, आता ते खोटं पेलवेना. काल त्याच्या दुकानात व्याही भेटले आणि मी सांगून टाकलं, "ओकलो तो मी होतो."

"काहून सांगून राहिले, काका?" तो कळवळला.

व्याही म्हणाले, "मले तेव्हाच माहीत होतं. पोहे तुमच्या मिशीले लागले होते."

कापडवाल्यानं गादीवरचे कापडाचे गठ्ठे बाजूला सारले आणि गिऱ्हाइकांना हाक दिली, "बसा भैया, बसा. काका आता खरी नक्कल करून राहिले!"